अ‍ॅव्हेंजर्समध्ये कोण राहतं, कोण जातं?

‘द अ‍ॅव्हेंजर्स’ या कॉमिकच्या पहिल्या अंकावर सप्टेंबर १९६३ ही तारीख आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्यात आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन आणि वास्प यांना एकत्र आणलं. दुसऱ्याच अंकात हल्क संघ सोडून गेला. चौथ्या अंकात बर्फात गोठलेला कॅप्टन अमेरिका सापडला. मे १९६५च्या सोळाव्या अंकापर्यंत तर स्थापनेपासूनचा एकही सदस्य संघात उरला नाही. संघ इतक्या झपाट्याने का बदलत होता? याचं निम्मं उत्तर कथेत आहे, निम्मं मार्व्हलच्या संपादकीय कामकाजात.

आधी अडचण समजून घेऊ. मार्व्हलचे सगळे नायक एकाच जगात, बहुतेक एकाच न्यूयॉर्क शहरात राहतात. थॉरची स्वतःची कथामालिका ‘जर्नी इन्टू मिस्टरी’त चालू होती, आयर्न मॅनची ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’मध्ये आणि अँट-मॅनची (तो आता जायंट-मॅन झाला होता) ‘टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश’मध्ये. थॉर तिकडे अ‍ॅसगार्डमध्ये अडकलेला असेल, तर त्याच महिन्यात तो इकडे संघाबरोबर लढणार कसा? हा ताळमेळ राखणं लीला जड जाऊ लागलं.

दुसरी अडचण अधिक खोल होती. नायकाच्या आयुष्यातल्या मोठ्या घटना, म्हणजे प्रेम, मृत्यू, पराभव, या त्याच्या स्वतःच्या मालिकेतच घडायच्या. संघाच्या लेखकाच्या वाट्याला उरायची ती फक्त मारामारी.

सोळाव्या अंकाने दोन्ही अडचणी एकदम सोडवल्या. कॅप्टन अमेरिकाच्या हाताखाली तीन नवे सदस्य आले. हॉकआय आधी आयर्न मॅनचा शत्रू होता. क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच ही भावंडं ‘एक्स-मेन’मध्ये मॅग्नेटोच्या टोळीत होती. तिघांपैकी कुणाचीही स्वतंत्र मालिका नव्हती. कॅप्टनची होती, पण १९६५मध्ये तिच्यातल्या कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेल्या गेल्या. त्यामुळे वर्तमानातला कॅप्टन काही काळ जवळजवळ पूर्णपणे अ‍ॅव्हेंजर्सच्या लेखकाच्या हाती आला. हॉकआयचं त्याच्याशी सतत भांडण, भावंडांचा अवघडलेपणा, आपण जुन्यांच्या तोडीचे नाही ही बोच: कथेला आता आतून विषय मिळू लागले. त्याच वर्षी जायंट-मॅनची मालिका बंद पडली आणि १९६६मध्ये तो वास्पसह संघात परतला. कुणाची मालिका चालू आहे आणि कुणाची नाही, यावर सदस्यत्व कसं ठरायचं, हे यातून स्पष्ट दिसतं.

१९६६च्या अखेरीस लेखन रॉय थॉमसकडे आलं. ठळक नायकांना नेहमीचे सदस्य करू नये, हे बंधनही त्याच्याबरोबर आलं. पुढच्या वर्षी जॉन बुसेमा चित्रं काढू लागला. थॉमसला १९४०च्या दशकातलं व्हिजन हे जुनं पात्र परत आणायचं होतं. लीला मात्र संघात यंत्रमानव हवा होता. थॉमसने नाव जुनं ठेवून पात्र नवं घडवलं आणि ऑक्टोबर १९६८च्या सत्तावनाव्या अंकात लाल चेहऱ्याचा व्हिजन अवतरला. पुढे त्याचं आणि स्कार्लेट विचचं प्रेम हळूहळू फुलत गेलं. १९७२मध्ये आलेल्या स्टीव्ह एंगलहार्टने तो धागा पुढे नेला आणि १९७५मध्ये त्यांचं लग्न लावलं. एका लेखकाने सुरू केलेली गोष्ट दुसऱ्याने पूर्ण केली. इतकी सावकाश कथा फुलवता आली, कारण या दोघांवर दुसऱ्या कुठल्या कॉमिकचा हक्क नव्हता.

मग उलटी अडचण आली. १९७८पर्यंत सदस्यांची गर्दी झाली होती. त्या काळी एका अंकातली कथा सतरा-अठरा पानांची असे, आणि तेवढ्यात प्रत्येकाला धड एक संवादही येईना. मार्च १९७९च्या अंकात लेखक डेव्हिड मिशेलिनी आणि चित्रकार जॉन बर्न यांनी सरकारी अधिकारी हेन्री पीटर गायरिककडून संघाची मर्यादा सातवर आणवली. हॉकआय वगळला गेला, फाल्कनला सरकारी आग्रहाने घेतलं गेलं, आणि दोघांच्याही नाराजीतून नव्या कथांना बी मिळालं.

१९८३च्या सुमारास सुरू झालेलं रॉजर स्टर्नचं पर्व मला या साऱ्याचं सर्वांत परिपक्व रूप वाटतं. वास्प अध्यक्ष होती. मोनिका रॅम्बो ही नवी कॅप्टन मार्व्हल शिकाऊ म्हणून आली आणि पुढे स्वतः अध्यक्ष झाली. १९८६-८७मध्ये शत्रूंनी अ‍ॅव्हेंजर्सचा वाडाच ताब्यात घेतला, ती कथा आजही अस्वस्थ करते, कारण त्या माणसांना आपण वर्षानुवर्षं वाढताना पाहिलेलं असतं. मोनिकाला नेतृत्वावरून हटवण्याच्या मुद्द्यावर स्टर्नचे संपादकाशी मतभेद झाले आणि ते पर्व संपलं. संघात कोण असावं, या प्रश्नाने इथे लेखकच बदलला.

जुने अंक वाचायला घेताना म्हणूनच दोन गोष्टी पाहाव्यात. पहिल्या पानांवर लेखक आणि चित्रकार कोण आहेत ते वाचावं. मग प्रत्येक सदस्याबद्दल विचारावं: याची स्वतंत्र मालिका चालू आहे का? ज्यांची नसेल, त्यांच्यावर लक्ष ठेवावं. थॉर आणि आयर्न मॅन मुखपृष्ठ गाजवतात, पण अ‍ॅव्हेंजर्सची खरी कथा हॉकआय, व्हिजन, स्कार्लेट विच, वास्प आणि मोनिका यांची आहे. सोळाव्या अंकापासून सुरुवात केली, तर ती पहिल्या पायरीपासून वाचता येते.