मूठभर माती आणि पुनरुत्थानाची आशा : कोल्हापूर परिसरातील ख्रिस्ती दुखवटा

कोल्हापूर भागात कुणी वारले की लोक ‘मातीला’ जातात. मयताचे दहन होणार असले तरी शब्द तोच. पुढे रक्षाविसर्जनाच्या दिवशी खेड्यातला माणूस ‘माती सावडायला’ निघतो. लिंगायत आणि मुसलमान समाजांत तर देह खरोखरच मातीत ठेवतात. या भागातला ख्रिस्ती समाजही याच बोलीत वाढलेला आहे. दफनाच्या वेळी जमलेला प्रत्येक जण कबरीत मूठभर माती टाकतो आणि मग पुढच्याला जागा देतो. शेजारच्या घरातून आलेल्या माणसाला ही कृती परकी वाटत नाही. तिच्यामागची समजूत मात्र वेगळी आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देह मातीच्या स्वाधीन केला जातो तो पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत. म्हणून मृत्यूला निद्रा म्हणतात. इंग्रजीत दफनभूमीसाठी रूढ झालेल्या शब्दाचे ग्रीक मूळही ‘निजण्याची जागा’ असाच अर्थ सांगते. मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या निधनवार्तेत ‘ख्रिस्तवासी’ किंवा ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ असे शब्द येतात, ते याच विश्वासामुळे.

समाजाची जडणघडण

कोल्हापुरात प्रोटेस्टंट मिशनचे काम १८५२ च्या अखेरीस सुरू झाले. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरहून येथे आले आणि त्यांनी शाळा काढल्या. १८७० साली हे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. पुढे कोडोली, सांगली, मिरज, इस्लामपूर अशी ठाणी उभी राहिली. वायल्डर मेमोरियल चर्च, आयर्विन ख्रिश्चन आणि एस्तेर पॅटन या शाळा, कोडोलीची मोठी ख्रिस्ती वस्ती या त्या इतिहासाच्या आजच्या खुणा. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले; त्याचा कोल्हापूर हा एक धर्मप्रांत आहे. याखेरीज जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबेही आहेत. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या गोव्याकडच्या पट्ट्यात त्यांची वस्ती जुनी आहे.

या समाजाची भाषा, नातीगोती, सणासुदीचे जेवण, लेकी-सुनांचे येणे-जाणे सारे मराठी आहे. दुखवट्याच्या रीतीतही त्यामुळे दोन धागे दिसतात : एक चर्चचा, दुसरा गावाचा.

रडण्याला मोकळीक

श्रद्धावान माणसाने रडू नये, असा समज ख्रिस्ती लोकांविषयी आणि पुष्कळदा ख्रिस्ती लोकांतही आढळतो. बायबलमध्ये त्याला आधार नाही. पत्नी सारा वारली तेव्हा अब्राहामाने शोक केला आणि तिला मूठमाती देण्यासाठी परमुलखात चारशे शेकेल चांदी मोजून गुहेसह शेत विकत घेतले. बंडखोर मुलगा अबशालोम मारला गेल्यावर दावीद राजा विजयाचा आनंद विसरून मुलाच्या नावाने आक्रोश करतो. मुले आणि सर्वस्व गमावलेला ईयोब तर देवालाच जाब विचारतो. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांतली बरीचशी विलापाची आहेत. ‘विलापगीत’ नावाचे एक स्वतंत्र पुस्तकच जुन्या करारात आहे.

नव्या करारातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग बेथानी गावातला. मार्था आणि मरिया यांचा भाऊ लाजर वारलेला असतो. येशू पोहोचतो तो चार दिवस उशिरा. तू असतास तर भाऊ गेला नसता, असे दोघी बहिणी त्याला तोंडावर सुनावतात. येशू त्यांना रागावत नाही. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही तो त्या घरच्या दुःखाने रडतो. शोक हा विश्वासाचा अभाव नव्हे, हे सांगण्यासाठी पाळक दफनाच्या वेळी हा उतारा अनेकदा निवडतात. थेस्सलनीका येथील मंडळीला प्रेषित पौल जे लिहितो त्याचाही रोख असाच आहे. तो शोकाला मनाई करत नाही. शोक आशेविना असू नये, एवढेच सांगतो.

घरापासून दफनभूमीपर्यंत

घरात मृत्यू झाला की पहिला निरोप नातेवाइकांना आणि पाळकांना जातो. कॅथलिक असतील तर फादरांना. देहाला आंघोळ घालून चांगले कपडे घालतात आणि पेटीत ठेवतात. घरीच छोटी प्रार्थना होते. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली गाणी म्हटली जातात. या संग्रहात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुष्कळ पदे आहेत; अभंग आणि ओवीच्या वळणाची ही पदे मराठी माणसाला सहज पेलतात. त्यानंतर चर्चमध्ये किंवा थेट दफनभूमीत उपासना होते. मेंढपाळाची उपमा असलेले तेविसावे स्तोत्र बहुधा वाचले जाते. मृत व्यक्तीच्या आयुष्याबद्दल दोन शब्द बोलले जातात, पेटी कबरीत उतरवली जाते आणि मूठमाती दिली जाते.

पुढच्या दिवसांत घरी सांत्वनाची प्रार्थना ठेवतात. पिंडदान, श्राद्ध, सुतक यांना ख्रिस्ती रीतीत स्थान नाही. पण सोयऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी दुखवट्याच्या घरी डबा पोहोचवायचा, चूल पेटू शकत नाही तिथे ‘कडू घास’ न्यायचा, ही या भागाची पद्धत ख्रिस्ती घरांतही पाळली जाते. ती धर्माची नसून शेजारधर्माची आहे.

पंथांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. कॅथलिक मृतात्म्यांसाठी प्रार्थना करतात, त्यांच्या नावाने मिस्सा अर्पण करतात आणि २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबरी स्वच्छ करून फुले व मेणबत्त्या ठेवतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मृतासाठी मागणे मागत नाहीत. त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. दहनाबद्दलची भूमिकाही काळानुसार सैल झाली आहे. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनावरील बंदी उठवली, तरी दफनालाच पसंती राहिली.

वर्षातून एकदा दुःख आणि आशा अगदी जवळ येतात. गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते. त्यांतल्या एका उद्गारात मरणाच्या वेदनेतला मुलगा आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवतो. रविवारी पहाटे, अंधार असतानाच, पुष्कळ मराठी मंडळ्या ईस्टरची उपासना करतात. काही ठिकाणी ती दफनभूमीतच होते. ज्या कबरीपाशी वर्षभरात कुणी रडले असेल, तिच्याच शेजारी उभे राहून पुनरुत्थानाची गाणी म्हटली जातात.

कुटुंब : ताटातूट आणि सोबत

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात शोकाचा विषय सुरुवातीपासून आहे. बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ मधील कादंबरी हिंदू विधवांच्या दुःस्थितीवर आहे. नवऱ्याच्या मृत्यूचे दुःख एकीकडे आणि समाजाने त्यावर लादलेली शिक्षा दुसरीकडे, हा भेद मराठी गद्यात तिने लवकर दाखवला.

धर्मांतराने घराघरांत वेगळाच शोक आणला : जिवंत माणसांच्या ताटातुटीचा. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना हा आघात मृत्यूइतकाच मोठा होता. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, विचार करून १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले अध्याय लिहायला घेतले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनातही मुलांचे मृत्यू, प्लेग, दारिद्र्य हे सारे आहे. पण दुःखाशेजारी हसू ठेवण्याची त्यांची हातोटी अशी, की वाचक रडता रडता हसतो. १९३६ साली त्या गेल्या.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात मृत्यूंची रांगच होती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास, १८८२ मध्ये पती. कडेवर लहानगी मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली आणि विधवा गोळा करून केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. अन्नावाचून माणसे कशी मरतात हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही वारली. रमाबाई तेव्हा मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. लेकीच्या मागे त्या नऊ महिन्यांच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. भाषांतराचे काम त्यांनी हातावेगळे केले होते.

जगणाऱ्यांची काळजी

ख्रिस्ती विचारात माणूस देवाच्या प्रतिमेनुसार घडलेला आहे. म्हणून देह तुच्छ मानला जात नाही. आजाऱ्याची शुश्रूषा ही उपासनेइतकीच मोलाची ठरते. दक्षिण महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत ठळक रूप म्हणजे मिरजेचे रुग्णालय. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे राहिले, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. दूरदूरच्या गावांतून रुग्ण तेथे येऊ लागले. १९०६ साली मेरी वॉनलेस पटकीने वारल्या. इतरांना मरणाच्या दारातून परत आणणारा डॉक्टर स्वतःच्या घरातला मृत्यू थांबवू शकला नाही. त्यानंतरही ते दोन दशकांहून अधिक काळ मिरजेत राहिले. क्षयरोग्यांसाठी उभारलेल्या आरोग्यधामाभोवतीचा परिसर आज वॉनलेसवाडी म्हणून ओळखला जातो, तर कोल्हापुरातल्या रुग्णालयाला मेरी वॉनलेस यांचे नाव आहे.

वायल्डर कुटुंबातही असेच घडले. रॉयल वायल्डर १८८७ मध्ये अमेरिकेत वारले. त्यानंतर पत्नी एलिझा आणि कोल्हापुरात वाढलेली कन्या ग्रेस पुन्हा याच मुलखात कामाला आल्या.

शोकातून काम उभे करण्याची ही वाट केवळ ख्रिस्ती माणसांनी चोखाळली असे नाही. १९१८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले. महाराजांनी विधवा सून इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळी येथे केली, तीही घरातल्या विरोधाला न जुमानता. दुःखाला जगणाऱ्याच्या कामी लावायचे, हे शहाणपण कोल्हापूरला अनेक वाटांनी माहीत आहे.

श्रद्धा डळमळते तेव्हा

श्रद्धा असली की दुःख कमी होते, असे सरळ गणित नाही. ख्रिस्ती धर्माचे जगप्रसिद्ध समर्थक सी. एस. लुईस यांची पत्नी जॉय १९६० मध्ये कर्करोगाने वारली. पुढच्या वर्षी त्यांनी ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ हे छोटे पुस्तक टोपणनावाने प्रसिद्ध केले. देवावरचा राग आणि त्याच्या मौनाची भीती त्यात उघडपणे मांडली आहे. पुढे श्रद्धा पुन्हा सावरते, पण आधीच्या खात्रीने नव्हे. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये सांगितलेले शोकाचे पाच टप्पे आज सर्वतोमुखी आहेत. ते मुळात मरणोन्मुख रुग्णांच्या निरीक्षणातून आले होते. प्रत्येक शोकाकुल माणूस त्या पायऱ्या क्रमाने चढतो, असे आजचे अभ्यासक मानत नाहीत.

म्हणूनच सांत्वनातली काही वाक्ये जखमेवर मीठ ठरतात. ‘देवाला तो अधिक प्रिय होता’ किंवा ‘त्याची इच्छा होती’ असे मूल गमावलेल्या आईला सांगणे हे बायबलच्या वळणाचे नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. तोवर ते चांगले सांत्वक होते. दुःखाची कारणे सांगायला लागले तेव्हा ते चुकले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. करोनाच्या काळात अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली, तेव्हा या मुकाट सोबतीचे मोल सर्वांनाच कळले. प्रार्थना फोनवरून करता आली, पण खांदा देता आला नाही.

शोक महिनोन्‌महिने झोप, भूक आणि रोजचे काम बंद पाडत असेल, जगणे नको वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांची मदत घ्यावी. तो श्रद्धेचा कमीपणा नाही.

ख्रिस्ती शेजाऱ्याकडे दुखवट्याला जाताना वेगळे काही शिकावे लागत नाही. गाणी येत नसली तरी उभे राहावे, प्रार्थनेच्या वेळी शांत राहावे, मूठभर माती द्यावी. दुसऱ्या दिवशी डबा न्यावा. आणि महिन्याभराने, पाहुणे पांगून घर रिकामे झाल्यावर, पुन्हा एकदा जाऊन बसावे.