संत्र्यावरील नागअळी : जीवनक्रम, नुकसान व नियंत्रणाचा विचार

प्रस्तावना :
विदर्भातील संत्रा बागांत कोवळ्या पानांवर चंदेरी, नागमोडी रेषा आढळतात. या रेषांवरूनच तेथील किडीस ‘नागअळी’ हे नाव मिळाले. फायलोक्निस्टिस सिट्रेला हे तिचे शास्त्रीय नाव असून ती ग्रॅसिलॅरिडी कुळातील एका पतंगाची अळी होय. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेन्टन यांनी १८५६ मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले. या किडीचा जीवनक्रम व तिच्या नियंत्रणाची दिशा यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जीवनक्रम :
पंख पसरलेल्या पतंगाची रुंदी सुमारे ४ मिलिमीटर असते. मादी नवतीच्या पानांवर एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी थेट पानाच्या पापुद्र्याखाली शिरते. चार अवस्थांपैकी पहिल्या तीन अवस्थांत ती पेशींतील रस शोषते. चौथ्या अवस्थेत ती काहीच खात नाही. पानाची कड दुमडून तेथे कोष विणते. तापमानानुसार हा जीवनक्रम १३ ते ५२ दिवसांत पूर्ण होतो.

नुकसानीचे स्वरूप :
प्रादुर्भावग्रस्त पाने आकसतात व वेडीवाकडी होतात. शिवाय पोखरलेल्या जागेतून खैऱ्या रोगाच्या जीवाणूंना प्रवेश मिळतो. संत्र्यापेक्षा कागदी लिंबावर हा धोका अधिक असतो. रोपवाटिकेतील कलमे व नवीन लागवड यांना विशेष हानी पोहोचते. याउलट पूर्ण वाढलेली झाडे बराच प्रादुर्भाव सहन करतात.

नियंत्रण :
अळी पापुद्र्याखाली सुरक्षित असल्याने स्पर्शजन्य कीटकनाशके तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. मात्र पानाबाहेर वावरणारे तिचे नैसर्गिक शत्रू त्यांना बळी पडतात. या शत्रूंचे महत्त्व फ्लोरिडातील अनुभवावरून लक्षात येते. तेथे १९९३ मध्ये ही कीड प्रथम आढळली आणि १९९४ मध्ये एजेनिॲस्पिस सिट्रिकोला ही परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडण्यात आली. पाने जून झाल्यावर ती या किडीस अनुकूल राहत नाहीत. म्हणून नवती एकाच वेळी फुटेल असे पाणी व नत्राचे नियोजन करणे आणि फवारणी मुख्यतः लहान झाडांच्या नवतीपुरती मर्यादित ठेवणे युक्त ठरते.

निष्कर्ष :
पानावरील रेषा ठळक दिसू लागते तेव्हा हानी बहुतांशी होऊन गेलेली असते. त्यामुळे रेषा पाहून फवारणी करण्यापेक्षा नवतीचा काळ व झाडाचे वय पाहून निर्णय घेणे शास्त्रीयदृष्ट्या अधिक योग्य होय. त्यातून खर्चाची बचत होते आणि बागेतील मित्रकीटकांचेही रक्षण होते.