दाराचे कुलूप आणि दोन तारा

कुलूप म्हटले की आपल्याला राखण आठवते. दागिन्यांच्या पेटीला कुलूप, गोदामाला कुलूप, आणि दिवस वाईट आले की गिरणीच्या फाटकालाही कुलूप! परंतु बंद राहणे हे कुलपाचे निम्मेच काम आहे. उरलेले निम्मे काम वेळेवर उघडण्याचे, आणि नेमके तेच आपण विसरतो. 'कुलूप' हा शब्द आपल्याकडे अरबीतील 'कुफ्ल'वरून आला; ते उघडणारी 'चावी' पोर्तुगीजांकडून आली. आता मोटारगाडीच्या कुलपाला चावीही क्वचितच लागते. एक बटण दाबले की चारही दारे एकदम बंद होतात, एकदम उघडतात. या सोयीला सर्वजण सेंट्रल लॉक म्हणतात. ते बिघडते कसे आणि घरच्या घरी कितपत दुरुस्त करता येते, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का निवडला, या प्रश्नाचे उत्तर ओघात येईलच.

अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९५६ सालच्या गाड्यांना विजेवर चालणारी दारकुलपे दिली. आपल्याकडे ही चैन फार उशिरा आली. प्रीमियर पद्मिनीत किंवा १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या पहिल्या मारुती ८०० मध्ये प्रत्येक दाराची खुंटी हातानेच दाबावी लागे. आज भाड्याच्या साध्या गाडीतही सेंट्रल लॉक असते.

आमच्या घरची गाडी पोटापाण्याची आहे. आजोबा यंत्रमागावर होते, अण्णा गाडीवर आहेत. सात रस्त्यावर आमचे बिऱ्हाड. रेल्वेने सोलापुरात उतरणाऱ्या भाविकांना अण्णा सुमारे ४५ किलोमीटरवरच्या तुळजापूरला, ४० किलोमीटरवरच्या अक्कलकोटला, आणि कोणी म्हटले तर पंढरपूरला नेऊन आणतात. अशा फेऱ्यांत मागचे डावे दार दिवसातून किती वेळा उघडते याची मोजदाद नाही. कारण आपल्याकडे गाडी डाव्या कडेला उभी राहते आणि माणसे डावीकडेच उतरतात. गेल्या भाद्रपदात नेमके तेच दार रुसले. अण्णांनी बटण दाबले की तीन कुलपे निघत, चौथे तसेच लागलेले राही. आतली खुंटी हाताने ओढली तर ते उघडे, पण परगावच्या प्रवाशांना हे ठाऊक नसे. म्हाताऱ्या बायका सरकत सरकत उजव्या दाराशी जात आणि भर रहदारीत उतरत. अण्णांच्या जिवाला घोर लागला तो याचा. एका गॅरेजात चौकशी केली तेव्हा आतला सगळा जोड बदलावा लागेल, साडेतीन हजार पडतील, असे सांगण्यात आले. नवरात्र तोंडावर आले होते.

आता हे कुलूप चालते कसे ते पाहू. दाराच्या पत्र्याच्या आत, कडीच्या जवळ, प्लॅस्टिकची एक लहान डबी असते. तिच्यात खेळण्यातल्या गाडीत असते तेवढीच विजेची मोटार, तिच्यापुढे दातेरी चाके, आणि चाकांना जोडलेली एक सळई. सोलापूरकरांनी मागावरचा धोटा डोळ्यांपुढे आणावा. तो जसा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो आणि परत येतो, तशी ही सळई पुढेमागे होते. मोटारीला तारा दोनच. वीज एका बाजूने आत गेली की सळई ओढली जाते. धन-ऋण उलटले की तीच सळई ढकलली जाते. कुलूप लागणे आणि निघणे यांत मोटारीच्या लेखी एवढाच फरक. हा प्रवाह सेकंदभरसुद्धा टिकत नाही. तो कोणत्या दिशेने सोडायचा हे गाडीतील एक मध्यवर्ती पेटी ठरवते, आणि तेथून प्रत्येक दाराकडे तारा जातात.

आमच्या घराजवळच्या चौकात अनेक रस्ते एकत्र येतात. त्यांतल्या एकावर खोदकाम असले म्हणून सगळा चौक बंद पडत नाही. सेंट्रल लॉकचेही असेच आहे. चारही दारे गप्प असतील तर दोष चौकात शोधावा: फ्यूज, उतरलेली बॅटरी, मध्यवर्ती पेटी, किंवा दारे फक्त रिमोटनेच उघडत नसतील तर रिमोटमधील बटणासारखा सेल. एकच दार गप्प असेल तर दोष त्या एका वाटेवरच आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या रीती सांगितल्या आहेत. त्यांतील व्यतिरेक पद्धती आपण वर्गात पाठ करतो: जेथे घटना घडते आणि जेथे घडत नाही, त्या दोन ठिकाणी बाकी सारे सारखे असून फरक एकाच गोष्टीचा असेल, तर कारण त्या गोष्टीत आहे. मला ती पद्धती खरी उमगली ती या दारापाशी.

आमच्या शेजारी मोटार रिवाइंडिंग करणारे एक काका आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हरला हातच लावू दिला नाही. "आधी कान लाव. उघडायची घाई करू नको," म्हणाले. दारे मिटून, दाराला कान लावून, दुसऱ्याला बटण दाबायला सांगावे. मोटार फिरल्याचा आवाज येतो पण खुंटी हलत नाही, तर दाते झिजले आहेत किंवा सळईची चाप निसटली आहे. आवाज क्षीण, कुरकुरता असेल तर मोटार थकली आहे किंवा आतले वंगण सुकले आहे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो; त्यात धूळ मिसळली की वंगणाचा चिखल होतो. याच वेळी खुंटी हाताने वरखाली करून पाहावी. ती जड लागली तर दोष कडीत आहे, विजेत नव्हे. साफ करून पांढरे ग्रीस लावल्याने काम भागते. आवाज मुळीच नसेल तर वीज पोचत नाही किंवा मोटार बंद पडली आहे.

आमचे दार मुके होते. पण एक गंमत ध्यानात आली. दार अर्धवट उघडे धरून बटण दाबले की कुलूप मुकाट्याने चाले. मिटले की पुन्हा गप्प. दाराच्या कोनाशी मोटारीचा काय संबंध? संबंध तारेशी. दार आणि गाडीचा खांब यांच्या मध्ये, बिजागरीपाशी, रबराची एक नळी असते. तारा तिच्यातून दारात शिरतात आणि प्रत्येक उघडझापीला वाकतात. वर्षानुवर्षे वाकून आतले तांबे तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत राहते. नुसत्या नजरेला काही दिसत नाही.

संशय होता, पुरावा हवा होता. त्यासाठी दाराचे आतले आच्छादन काढावे लागते. काच वर करून घ्यावी. मुठीच्या व हातटेकणीच्या मागे दडलेले स्क्रू काढावेत, मग कडेच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या एकेक करून हलक्या हाताने सोडवाव्यात. आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू नये; तो पावसाचे पाणी अडवतो आणि परत चिकटवावा लागतो. मोटारीचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांना बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावावा आणि बटण दाबावे. दिवा क्षणभर लुकलुकला तर तारा ठीक, मोटार दोषी. अशा वेळी डबी उघडून मोटारीचे काळवंडलेले भाग स्पिरिटने पुसून पाहावेत, नाही जमले तर मोटार बदलावी. आमचा दिवा लागला नाही. खांबाच्या बाजूला, नळीच्या अलीकडे तपासले तेव्हा लागला. म्हणजे खोट मधल्या वीतभर अंतरात होती. नळी सरकवून एकेक तार हलकेच ओढली. त्यांतली एक रबरासारखी ताणली गेली. आत तांबे तुटलेले होते.

पुढचे काम सोपे. बॅटरीचे ऋण टोक सोडले. तेवढ्याच जाडीच्या, अनेक बारीक तंतूंच्या तारेचा तुकडा थोडा सैल ठेवून जोडला. घरातल्या वायरिंगची एकेरी जाड तार येथे चालत नाही, ती पुन्हा मोडते. डाग देऊन वर आवरण चढवले, आणि जोड वाकण्याच्या जागेपासून दूर घेतला. मग सर्वांत महत्त्वाची परीक्षा. दार उघडेच ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने कडी मिटवायची, बटणाने कुलूप लावायचे, काढायचे, आणि मुठीने कडी सुटते का ते पाहायचे. ही परीक्षा न करता दार लोटले आणि कुलूप अडकले, तर दोष आत आणि आपण बाहेर! ज्या दारात एअरबॅगच्या तारा आहेत, तेथे मात्र घरगुती हाताने काही करू नये. ते काम जाणकाराचे.

खर्च तारेचा, आवरणाचा आणि काकांच्या चहाचा. अण्णांनी विचारले, "हे कॉलेजात शिकवतात होय?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या पुस्तकांत काय असते याचे त्यांना कुतूहल असते. मी म्हटले, "तार जोडायला काकांनी शिकवले. कुठली तार ते शोधायला कॉलेजात शिकवतात."

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना असा नियम लागू झाला की, वीज गेली तरी सेंट्रल लॉक आतून हाताने उघडता आले पाहिजे. भाड्याच्या गाड्यांच्या मागच्या दारांना चाइल्ड लॉक असू नये, हाही नियम तेव्हापासूनचाच. आत अडकलेला माणूस हा बाहेरच्या चोरापेक्षा मोठा प्रश्न आहे, हे कायद्यानेही मानले. तेव्हा ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी एकदा चारही दारे आतून, हाताने उघडून पाहावीत, आणि ती खुंटी कोठे आहे हे घरातल्या म्हाताऱ्यांना व मुलांना दाखवून ठेवावे. नवरात्रात अण्णांनी तुळजापूरच्या फेऱ्या केल्या. प्रवासी डाव्या बाजूने, रस्त्याच्या कडेला उतरले.