आउटड्राइव्ह : दुरुस्ती की नवा?

कोकणातल्या मच्छीमाराच्या ओळखीची यंत्रं बहुधा दोनच : बोटीच्या पोटातलं डिझेल इंजिन, नाहीतर मागे टांगलेलं आउटबोर्ड. अमेरिकेच्या तळ्यांवर आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर या दोहोंच्या मधला एक प्रकार गेली साठ-पासष्ट वर्षं नांदतो आहे. इंजिन बोटीच्या आत, आणि पंखा फिरवणारी गिअरची जोडणी मागच्या भिंतीबाहेर. जिम विन या अमेरिकी अभियंत्याची कल्पना उचलून स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ बाजारात आणला. १९६१ मध्ये ‘मर्क्रूझर’ आला. बाहेरच्या या भागाला आउटड्राइव्ह म्हणतात.

इंजिनाचा आडवा फेर भिंतीपार येतो, वरच्या गिअरपेटीत काटकोनात खाली वळतो आणि खालच्या पेटीत पुन्हा वळून पंख्यापर्यंत पोचतो. दोन्ही पेट्या अ‍ॅल्युमिनियमच्या. भिंतीच्या भोकातून पाणी बोटीत शिरू नये म्हणून मधे रबरी भाता.

दगड लागला की पहिला मार बसतो तो अगदी तळाशी असलेल्या पात्यासारख्या पंखाला, म्हणजे स्केगला. त्याचा तुकडा उडाला की मालक हादरतो, पण ही जखम बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच्या वेल्डिंगने भरून निघते. खरी भीती न दिसणाऱ्या माराची. पंखा कशावर तरी आदळून एकदम अडला, तर तो झटका शाफ्टमधून गिअरच्या दातांपर्यंत जातो.

म्हणून जाणता मेकॅनिक आधी तेल काढतो. तळाच्या बुचाला लोहचुंबक असतो. त्यावरचा राखाडी, बोटाने पुसला जाणारा लेप म्हणजे नेहमीची झीज. नखाने उचलता येईल असा कण सापडला, तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. तेल दुधाळ असेल तर पाणी आत गेलं आहे. मग पेटीत हवेचा दाब भरून, साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधत गळका सील पकडायचा. पंख्याच्या शाफ्टला डायल गेज लावून तो हाताने फिरवला की वाकही लपत नाही.

वाकलेला शाफ्ट आणि गळके सील, एवढ्यावर निभावलं तर दुरुस्तीच करावी. दात गेले असतील तर गणित बदलतं. एकमेकांत फिरणारे गिअर जोडीनेच बदलावे लागतात आणि त्यांच्यातली फट इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजत पातळ चकत्यांनी जुळवावी लागते. हे काम हात बसलेल्या माणसाचंच, आणि मजुरी त्यात भरमसाट. अशा वेळी वरची पेटी ठेवून खालची तयार पेटी बसवणं पुष्कळदा स्वस्त पडतं. बेअरिंगच्या जागेपाशी तडा असेल किंवा सीलची बैठक गंजून खड्डे पडले असतील, तर मात्र त्या पेटीवर पैसे घालू नयेत. खाऱ्या पाण्यातल्या बोटींचा निकाल बरेचदा इथेच लागतो. स्वतः झिजून अ‍ॅल्युमिनियम वाचवणारे धातूचे ठोकळे, म्हणजे अ‍ॅनोड, वेळेवर बदलले नाहीत की मग पेटीच झिजू लागते.

यंत्र कोणत्या घराण्याचं, हा प्रश्नही तितकाच जड. मर्क्रूझरचा ‘अल्फा वन’ अफाट खपला, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि बदली पेट्या सहज मिळतात. ओएमसी ही कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या जुन्या ‘स्ट्रिंगर’ ड्राइव्हसाठी मागच्या भिंतीत मोठं भोक कापलेलं असे. तिथे दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह बसवायचा तर ते भोक फायबरग्लासने भरून नवं कापावं लागतं. म्हणून स्ट्रिंगरच्या मालकाने जुने भाग धुंडाळून का होईना, दुरुस्तीचाच प्रयत्न आधी करावा.

आणि नवा घेतलाच, तर गिअरचं गुणोत्तर जुन्याइतकंच हवं. नाहीतर इंजिन एकतर रखडतं किंवा फेऱ्यांची मर्यादा ओलांडतं. शिवाय ड्राइव्ह उतरवलेला असतानाच भाता फाटलाय का, त्यामागचं बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखरतं का, हे पाहावं. इंजिनाचे पाय खचले असतील, तर इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत राहत नाहीत, आणि महागडा नवा ड्राइव्हही इंजिनाच्या कपलिंगचे खाचे खाऊन टाकतो. ती रेषा तपासायला लांब पोलादी दांडा मिळतो. बेअरिंगमधून तो कपलिंगमध्ये अडखळत गेला, तर आधी इंजिनाचे पाय वर-खाली करून घ्यायचे. नवा ड्राइव्ह तोवर खोक्यातच राहू द्यावा.