कमला सोहोनी : प्रयोगशाळेतून ताटाकडे

केवळ स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी नाकारलेला बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधला प्रवेश कमलाबाईंनी १९३३ साली झगडून मिळवला. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यात ‘सायटोक्रोम सी’ हे पेशीश्वसनातलं प्रथिन शोधलं आणि १९३९मध्ये पीएच.डी. मिळवली. मला मात्र त्यांचं मुंबईतलं काम अधिक मोलाचं वाटतं. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्यं असतात, म्हणून त्यांतली प्रथिनं नीट पचत नाहीत. शिजवल्यावर हा अडथळा बराच कमी होतो. गरिबाला परवडणाऱ्या या प्रथिनांचा कमलाबाईंनी कसून अभ्यास केला. नीरेचं पोषणमूल्यही तपासलं. कुपोषित आदिवासी मुलांची आणि गरोदर स्त्रियांची प्रकृती नीरेमुळे सुधारल्याचं त्यांना आढळलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.