इंजिन अन् ट्रॅक्शनचे दिवे एकदम लागले? लगेच महागडं मॉड्यूल बदलू नका

उमरगा : पाऊस पडून गेलाय, गाडी सोलापूर-हैदराबाद महामार्गाला लागलीय आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. पाठोपाठ घसरत्या गाडीचं चित्र असलेला ट्रॅक्शनचा दिवाही. गॅरेजवाला म्हणतो, "एबीएसचं मॉड्यूल गेलंय." आकडा ऐकूनच घाम फुटतो. पण थांबा. दिवे दोन म्हणजे बिघाड दोन, असं नसतं.

चाक चिखलात नुसतंच फिरू लागलं की ट्रॅक्शनचं मॉड्यूल इंजिनला 'जोर कमी कर' असा निरोप देतं. तो जातो 'कॅन' नावाच्या, एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरींवरून. बॉश कंपनीने १९८६ साली ही पद्धत जगासमोर आणली. निरोप पोचेना झाला की ट्रॅक्शन स्वतःला बंद करून घेतं. इंजिनमध्ये खरा बिघाड असला तरी बऱ्याच गाड्यांत तेच होतं. तेव्हा आधी इंजिन दुरुस्त करायचं, दुसरा दिवा बहुधा आपोआप जातो.

स्कॅनरवर 'यू ०१२१' आलं तर अर्थ इतकाच, की एबीएस मॉड्यूलशी बोलणं तुटलंय. 'यू ०१००' म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी. पाहुण्याचा फोन लागला नाही तर आपण आधी रेंज बघतो, पाहुण्याचं बरंवाईट झालं असं धरून चालत नाही!

सुरुवात बॅटरीपासून करा. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास हवेत. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं तरी मॉड्यूल क्षणभर गप्प होतं आणि कोड नोंदला जातो. मग टर्मिनल, अर्थिंगचे नट, फ्यूज. गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावत असाल तर उंदरांनी कुरतडलेली वायर शोधाच. प्रेशरने इंजिन धुतलं असेल तर कनेक्टरमध्ये पाणी गेलंय का तेही बघा.

एवढं करूनही दिवा जाईना, तर मिस्त्रीला मल्टीमीटर लावायला सांगा. बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबायचं, मग स्टेअरिंगखालच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजायचे. ६० च्या आसपास आले तर लाईन बहुतेक ठीक. १२० आले तर कुठंतरी वायर तुटलीय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही नव्या गाड्यांत सॉकेटच्या मध्ये वेगळं मॉड्यूल असतं, तिथं हे माप चालत नाही.

कोड पुसण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुसल्यावर दिवा जातो, पैसेही घेतले जातात, अन् चार दिवसांनी पुन्हा तेच.

दिवे पिवळे असतील आणि ब्रेक नेहमीसारखा लागत असेल तर गाडी हळू घरी आणता येते. फक्त ओल्या रस्त्यावर जपून. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, किंवा ब्रेकचा अथवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर मात्र गाडी कडेला घ्या आणि टोचन करूनच आणा.