लिहिलं म्हणजे नेमकं कुठे लिहिलं?

यंत्राच्या पोटात : लेखांक ९

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, प्रोसेसरचा वेळ कसा वाटून घेतं ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज डिस्ककडे वळू. सर्व्हर सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक कोडं कधी ना कधी पडतं. डिस्क तीच, लिनक्सही तेच, मग व्हीएममध्ये लिहिण्याचा वेग थेट मशीनपेक्षा कितीतरी जास्त का दिसतो? आणि दुसऱ्या दिवशी तोच वेग एकदम का कोसळतो?

बहुतेक जण ‘डीडी’ कमांडने १ जीबी शून्यं एका फाइलमध्ये लिहितात आणि शेवटी आलेला आकडा टिपून घेतात. ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी लिहिते. तरीही आकडा एक-दीड जीबीचा येतो, कारण लिनक्स मजकूर आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये ठेवतं, प्रोग्रॅमला ‘झालं’ म्हणून सांगतं आणि डिस्कवर मागाहून उतरवतं. मूळ सेटिंगनुसार अशी न उतरवलेली पानं उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की उतरवण्याचं काम मागे सुरू होतं. २० टक्क्यांवर गेली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबावं लागतं. म्हणून ३२ जीबी रॅमच्या मशीनवर १ जीबीची चाचणी डिस्कला न शिवताही संपू शकते, आणि २ जीबीच्या व्हीएममध्ये तीच चाचणी मध्येच अडते. डिस्क दोन्हीकडे सारखीच असली, तरी आपण मोजली ती रॅम.

व्हीएममध्ये टप्पे आणखी वाढतात. आधी आतल्या लिनक्सची कॅश, मग होस्टची, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतं त्या मशीनची कॅश, शेवटी डिस्कची स्वतःची छोटी कॅश. पत्र पेटीत टाकलं, टपाल कचेरीत पोचलं आणि घरच्यांच्या हाती पडलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी ‘पोचलं’ म्हणू शकतो. ‘डीडी’ला ‘डायरेक्ट’ पर्याय दिला तरी फक्त आतली कॅश टळते, होस्टची तशीच राहते. व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयूमध्ये हे ठरवता येतं. कॅश ‘नन’ ठेवली तर होस्टची पेज कॅश वगळली जाते. ‘राइटबॅक’मध्ये ती वापरली जाते, पण आतून आलेला फ्लशचा, म्हणजे मजकूर लगेच डिस्कवर उतरवण्याचा, हुकूम पाळला जातो. ‘अनसेफ’मध्ये तो हुकूमच सोडून दिला जातो. व्हर्च्युअलबॉक्सच्या मॅन्युअलमध्येही स्पष्ट लिहिलंय की वेगासाठी असे हुकूम सहसा दुर्लक्षित केले जातात.

मजकूर खरोखर डिस्कवर पोचतो का, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. ‘एफआयओ’ या चाचणीच्या प्रोग्रॅमने ४ केबीचे तुकडे एकामागून एक लिहा आणि प्रत्येकानंतर ‘एफसिंक’ करा, म्हणजे तो डिस्कवर उतरवायला सांगा. प्रत्येक वेळी मजकूर खरोखर तबकडीवर जायचा असेल, तर सेकंदाला १२०च्या आसपास किंवा त्याहून कमीच नोंदी होतील. आकडा हजारांत आला, तर वाटेत कुणीतरी मजकूर धरून बसलंय. ती बॅटरी असलेल्या रेड कंट्रोलरची कॅश असेल तर ठीक. तिथे वीज गेली तरी मजकूर टिकतो. साध्या रॅममध्ये असेल, तर डेटाबेसने ‘जमा झाले’ म्हणून सांगितलेले पैसे वीज जाताच नाहीसे होऊ शकतात.

व्हीएम आणि थेट मशीन यांच्या वेगातला हा फरक दुसऱ्या मशीनवर जसाच्या तसा उभा करायचा, तर आणखी दोन गोष्टी सांभाळा. व्हीएमची डिस्क ज्या क्यूकाउ-२ प्रकारच्या फाइलमध्ये असते, ती फाइल लिहिता लिहिता वाढते, त्यामुळे पहिल्या फेरीत जागा नेमण्याचा खर्च पडतो आणि दुसरी फेरी वेगवान होते. पहिला आकडा सोडून द्या. आणि शून्यं लिहू नका. झेडएफएससारखी फाइल सिस्टीम कॉम्प्रेशन चालू असताना ती जवळजवळ पुसूनच टाकते. रँडम डेटा आधीच फाइलमध्ये तयार ठेवा, नाहीतर तो बनवण्याचाच वेळ मोजला जाईल.

मग दोन्हीकडे तीच डिस्क, तीच फाइल सिस्टीम, तेवढीच रॅम, रॅमच्या दुपटीहून मोठी फाइल आणि शेवटी ‘एफडेटासिंक’. यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी कॅशचा प्रकार, मग डिस्क जोडण्यासाठी आयडीईऐवजी व्हर्टआयओ, मग क्यूकाउ-२ऐवजी थेट पार्टिशन. ज्या बदलासरशी आकडा हलला, तिथे कारण आहे. वेगाचा आकडा कुणाला कळवताना या सगळ्या गोष्टी सोबत लिहा. त्यांच्याशिवाय तो आकडा दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही, आणि जो तपासता येत नाही त्याच्या भरवशावर कुणाचे हिशेब ठेवू नयेत.

पुढच्या आठवड्यात : एसएसडी भरत आली की लिहिणं का मंदावतं?